के घेऊ की बिना के?

“दोन्हीत कोअर चारच ना?” अण्णांनी विचारलं.

“चारच.”

“बसायची जागा तीच?”

“तीच. सॉकेट ११५५.”

“वॅट?”

“सत्त्याहत्तर. दोघांचेही.”

“मग गेले दोन महिने तू वाचतोयस तरी काय?”

अण्णा, म्हणजे माझे वडील, वीज मंडळातून निवृत्त झाले. कुठलंही यंत्र समोर आलं की त्यांना तीनच प्रश्न पडतात: वीज किती खातं, तापतं किती आणि बंद कुठून करायचं. मिक्सर, गिझर, शेजाऱ्यांची नवी गाडी, सगळं ते ह्याच तीन प्रश्नांत उरकतात. माझं तसं नाही. मला खरेदीपेक्षा खरेदीचा अभ्यास आवडतो. चपला घ्यायच्या तरी मी आधी रबराचे प्रकार वाचतो आणि शेवटी बायकोने आणलेल्या घालतो.

ही गोष्ट २०१२च्या दिवाळीनंतरची. बोनस झाला होता. घरातला सहा वर्षांचा कॉम्प्युटर चालू होताना पीठगिरणीसारखा आवाज करत होता. मी जाहीर केलं की ह्या वेळी तयार डबा आणायचा नाही, एकेक भाग निवडून घरी जोडायचा. बाकीचे भाग पटापट ठरले आणि प्रोसेसरपाशी गाडी अडली. एकीकडे इंटेलचा कोअर आय-सेव्हन ३७७०, दुसरीकडे इंटेलचाच कोअर आय-सेव्हन ३७७०के. दोघंही त्याच वर्षीच्या एप्रिलात आलेले, आयव्ही ब्रिज घराण्यातले, बावीस नॅनोमीटरवर कोरलेले सख्खे भाऊ. चार कोअर, आठ थ्रेड, आठ एमबी कॅश. एकाचा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ३.५, आणि टर्बोचा जोर आला की दोघंही ३.९वर जाऊन थांबणारे.

फरक तो काय त्या शेपटीतल्या ‘के’चा. के असलेल्याचा मल्टिप्लायर मोकळा. ह्या प्रोसेसरांचा मूळ ठेका १०० मेगाहर्ट्झचा, त्याला ३५ने गुणलं की झाले ३.५ गिगाहर्ट्झ. ठेका स्वतः फारसा वाढवता येत नाही, कारण त्याच तालावर पीसीआय एक्सप्रेस आणि बाकीची वरातही चाललेली असते. पाचेक टक्क्यांपुढे ओढलं की वरातीतलं कोणीतरी धडपडतं. पण के वाल्यात ३५च्या जागी सरळ ४५ लिहायची मुभा. हे ओव्हरक्लॉकिंग. बिना के वाल्याला ती मुभा नाही. (आहे, थोडी आहे. पण ते मला केव्हा कळलं ते पुढे येईलच.) उलट बिना के वाल्यात व्हीटी-डी नावाची एक सोय होती, ती के वाल्यात नव्हती. कंपनीच्या तक्त्यात तसं स्वच्छ छापलेलं होतं, इकडे ‘येस’, तिकडे ‘नो’. फसवलं कुणीच नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

म्हणजे ज्याला यंत्र पळवायचंय त्याने के घ्यावा, ज्याला व्हर्च्युअलायझेशनची हौस आहे त्याने बिना के. मला दोन्ही हौशी होत्या. हे इतकंच होतं, आणि इतकंच मी दोन महिने वाचत होतो.

अण्णांना व्हर्च्युअलायझेशन समजावताना मी कल्याणच्या आमच्या जुन्या वाड्याचा दाखला दिला. वाडा एक, मालक एक, भाडेकरू चार. प्रत्येकाला वाटतं आपलं स्वतंत्र बिऱ्हाड. तसं एका कॉम्प्युटरात चार कॉम्प्युटर नांदतात आणि प्रत्येकाला वाटतं अख्खं यंत्र आपलंच. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० काढून मेनफ्रेमवर हेच बिऱ्हाड थाटलं होतं. इंटेलच्या टेबलावरच्या प्रोसेसरांत त्याची खास सोय, व्हीटी-एक्स, आली ती २००५च्या शेवटी. व्हीटी-एक्स म्हणजे भाडेकरूची स्वतःची चूल. प्रत्येक फोडणीला मालकाला विचारायला नको. ही चूल दोन्ही भावांत होती. व्हीटी-डी म्हणजे भाडेकरूला नगरपालिकेच्या लाइनवरून थेट वेगळा नळ. तो नसेल तर मालक आपल्या नळावर बादली भरून देणार. पाणी मिळतं, पण मालकाच्या हातून आणि मालकाच्या सवडीने.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. “आपल्या वाड्यात वेगळा नळ कोणालाच नव्हता,” ते म्हणाले. “तुझ्या आजीचं काही अडलं नाही.”

आजीचं नव्हतं अडलं. माझं अडलं होतं. ऐरोलीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एका मित्राने एकदा भेंडीची भाजी वाढून घेता घेता सांगितलं होतं की व्हीटी-डी असेल तर मालक म्हणून लिनक्स ठेवायचं, विंडोजला भाडेकरू करायचं आणि खरंखुरं ग्राफिक्स कार्ड थेट त्या भाडेकरूच्या हातात द्यायचं. मग भाडेकरू मालकापेक्षा जोरात पळतो. त्या दिवसापासून भेंडी बघितली तरी मला ग्राफिक्स कार्ड आठवायचं.

माझी खरी गरज काय होती तेही इथेच सांगून टाकतो, नंतर धीर होणार नाही. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार. वार्षिक सभेला वीस मिनिटं उशिरा पोचलो, तोवर झालेलो होतो. सोसायटीच्या मेंटेनन्सची बिलं ज्या सॉफ्टवेअरवर निघत, ते फक्त विंडोज एक्सपीवर चालायचं आणि मागे डोंगल लावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. नव्या यंत्रावर नवं विंडोज येणार, म्हणजे हे म्हातारं उपाशी मरणार. तेव्हा एक्सपीला आत एक छोटी खोली द्यायची होती. एक कोअर, पाचशे बारा एमबी मेमरी. तेवढ्याला ह्या दोन भावांपैकी कोणीही पुरला असता. खरं तर त्यांचा कोणताही गरीब चुलतभाऊ पुरला असता.

पण वही झाली होती. दोनशे पानी वही, मधोमध रेघ, डावीकडे के, उजवीकडे बिना के, आणि बारा मुद्द्यांना गुण. व्हीटी-डीला दहापैकी दहा. मोकळ्या मल्टिप्लायरला आठ, कारण मला उन्हाळ्याची भीती होती. ‘पुढे विकताना किंमत’ असाही एक मुद्दा होता. म्हणजे घ्यायच्या आधीच मी तो विकत होतो. बेरीज आली बिना के ५७, के ५५. मी दोनदा तपासली. मग एका शनिवारी सकाळी वही पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडला निघालो.

लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. त्या नावाने विचारलंत तर तिथला माणूसही घटकाभर विचारात पडतो. ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं आणि ज्या दिशेने लोक खोकी डोक्यावर घेऊन येत असतील त्या दिशेने जायचं. दुकानं बोळाएवढी, काउंटरच्या अलीकडे चार गिऱ्हाइकं, पलीकडे छतापर्यंत खोकी, आणि मधे एक पोरगा जो पाच जणांशी बोलतो आणि एकाकडेही बघत नाही. मी भाषण तयार करून गेलो होतो.

“बोलो बॉस.”

“थ्री सेव्हन सेव्हन झीरो.”

“के या बिना के?”

दोन महिने ज्या प्रश्नाने माझी झोप उडवली होती तो त्याने कटिंगचा ग्लास तोंडाला लावता लावता विचारला.

“बिना के,” मी ठामपणे म्हणालो.

त्याने मागच्या फळीकडे मानही पुरती वळवली नाही. “बिना के खतम. मंडे को आएगा. के ले जाओ.”

“पण के में व्हीटी-डी नहीं है.”

“क्या नहीं है?”

“व्हीटी-डी.”

त्याने आतल्या अंधाराकडे हाक टाकली, “सेठ, ये बोलते हैं के में कुछ नहीं है.”

अंधारातून उत्तर आलं, “तीन साल वॉरंटी है, बोल.”

मागे उभा असलेला एक कॉलेजकुमार म्हणाला, “अंकल, जल्दी करो ना.” अंकल! मी तेव्हा चौतिसाचा होतो. त्या शब्दाने काय झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण ज्याला मल्टिप्लायरचं कुलूप उघडायचं धाडस आहे असा माणूस अंकल असू शकत नाही, असं काहीतरी डोक्यात आलं असावं. मी म्हणालो, “के दे दो.” बारा मुद्दे, दोनशे पानं, ५७ विरुद्ध ५५, सगळं फळीवर एक खोकं नव्हतं म्हणून निकालात निघालं.

के घेतला म्हणजे बोर्ड बदलला. ठरवलेल्या एच७७ बोर्डावर मल्टिप्लायर हलवता येत नाही, त्याला झेड७७ पाहिजे. झेड७७ घेतला म्हणजे डब्यातला चिमुकला पंखा चालणार नाही, त्याला उंच टॉवर कूलर पाहिजे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. लॅमिंग्टन रोडला ते बिलावर छापून मिळालं. “विथ बिल या विदाउट?” ह्या प्रश्नाला मी खजिनदाराला शोभेल असं उत्तर दिलं आणि त्याचाही भुर्दंड भरला.

एवढे पैसे उधळल्यावर टॅक्सीचे वाचवावेत असं मला वाटलं. कॅबिनेटचं खोकं खांद्यावर, बोर्ड-कूलरची पिशवी हातात, प्रोसेसरची डबी शर्टाच्या आत पोटाशी, अशा अवस्थेत ग्रँट रोडहून दादर, दादरचा पूल आणि तिथून संध्याकाळी सहाची डोंबिवली स्लो. मालडब्यात शिरलो. रिकाम्या टोपल्या घेऊन परतणारी एक मावशी खोक्याकडे बघत होती.

“टीव्ही हाय का?”

“नाही मावशी. कॉम्प्युटरचा डबा. रिकामा आहे.”

“रिकामाच हाय ना?” म्हणाली आणि बसली त्याच्यावर. ठाण्यापर्यंत बसली. पत्र्याने एकदा ‘टप्’ असा आवाज केला, तेव्हा तिनेच माझ्याकडे रागाने बघितलं.

ठाणं गेल्यावर डबा जरा रिकामा झाला. मी वही काढली आणि दिवा स्टेशन यायच्या आत व्हीटी-डीचे दहाचे सहा केले. आता के जिंकत होता. अभ्यासाअंती घेतलेला निर्णय अभ्यासाशी जुळायला हवा ना.

जोडणीबद्दल फार सांगत नाही. रविवार गेला. मावशीच्या वजनाने बाजूचं झाकण आत गेलं होतं आणि कूलर वर उंच झाला होता, तेव्हा ते झाकण कधीच बसलं नाही. आजतागायत आमचा कॉम्प्युटर एका बाजूने उघडा आहे.

जानेवारीत डोंबिवलीत दहा-बारा रात्री बऱ्या थंड पडतात, त्या मी सत्कारणी लावल्या. सगळे झोपले की मी बायॉसमध्ये शिरायचो. ४० लिहिलं, चाललं. ४२ चाललं. ४४ला व्होल्टेज थोडं चढवलं. ४६ला निळा पडदा. ४५वर, १.२५ व्होल्टला, यंत्र स्थिर झालं. साडेचार गिगाहर्ट्झ! मी बायकोला उठवून दाखवलं. तिने पडद्यावरचा आकडा बघितला आणि विचारलं, “हे चांगलं असतं का?”

स्थिर झालं हे नुसतं म्हणून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. त्यासाठी प्राइम९५ नावाचा प्रोग्राम रात्रभर चालवतात. हा प्रोग्राम मुळात मर्सेन जातीच्या प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. त्याच जानेवारीच्या २५ तारखेला अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल मिसूरीच्या कर्टिस कूपर ह्यांच्याकडच्या एका कॉम्प्युटरवर त्याच प्रोग्रामने तेव्हाची सर्वांत मोठी मूळ संख्या शोधून काढली. २चा ५,७८,८५,१६१वा घात वजा १. लिहायला घेतली तर १,७४,२५,१७० अंकी. पेपरात बातमी वाचून माझी छाती फुगली. मीही तर आठवडाभर तेच करत होतो! मग जरा खोलात वाचलं. मी जी ‘टॉर्चर टेस्ट’ लावली होती ती काहीही शोधत नसते. उत्तरं आधीच माहीत असलेली गणितं ती पुन्हा पुन्हा सोडवते आणि उत्तर चुकलं का एवढंच बघते. म्हणजे माझा साडेचार गिगाहर्ट्झचा पठ्ठ्या रात्रभर मागल्या वर्षीची प्रश्नपत्रिका सोडवत होता.

एक उपयोग मात्र झाला. कॅबिनेटच्या मागून गरम वारा येतो हे बायकोने हेरलं. थंडीत आमच्याकडे दही लागत नाही. तिने विरजणाची वाटी झाकण घालून मागे ठेवली आणि सकाळी सुरी फिरवून कापावं असं दही. दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांत त्याचं कौतुक झालं. गिगाहर्ट्झचं कोणी केलं नाही.

अण्णांनी आपले तीन प्रश्न विचारलेच. तापतं किती? पंचाऐंशी अंश. ते चमकले. मी सांगितलं, एकशे पाचपर्यंत चालतं, त्यापुढे तो स्वतःच वेग उतरवतो. खातं किती? ह्यावर त्यांनी पेपरच्या कोऱ्या कडेला हिशेब मांडला. वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. आधी ३.७ला १.०५ व्होल्ट, आता ४.५ला १.२५. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “वेग वाढला पाचवा हिस्सा,” ते म्हणाले, “आणि वीज वाढली पाऊणपट. ही तुझी प्रगती.”

आयव्ही ब्रिज तापतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. आधीच्या सँडी ब्रिजमध्ये आतली चिप आणि वरची धातूची टोपी ह्यांच्यामध्ये डाख लावलेला असे. ह्यात त्याऐवजी पेस्ट. काही शूर लोक दाढीच्या ब्लेडने ती टोपीच उचकटून आतली पेस्ट बदलत. मीही ब्लेड काढलं होतं. अण्णांनी ते माझ्या हातून घेतलं आणि दाढीच्या डब्यात ठेवून दिलं. ह्या प्रसंगावर आमच्यात पुढे चर्चा झाली नाही.

एप्रिल आला. खोलीत चौतीस अंश, छताचा पंखा पाचवर, आणि प्रोसेसर शंभरीला टेकायला लागला. ४५चे ४४ केले, ४४चे ४३. शेवटी ४२वर मुक्काम पडला. ४.२ गिगाहर्ट्झ. ठीक आहे, म्हटलं. बिना के वाले बिचारे काय करत असतील?

ते मला एका रात्री कळलं. झेड७७ बोर्डावर बिना के वाला ३७७०सुद्धा टर्बोच्या वर चार घरं चढवता येतो. चारही कोअर कामाला लागले की त्याचा टर्बो ३.७, वर चार, म्हणजे ४.१. मी तो आकडा बराच वेळ बघत बसलो. महागडा प्रोसेसर, निळे पडदे, जागरणं, पाऊणपट वीज, आणि डोंबिवलीच्या उन्हाळ्यात माझ्या हाती बिना के वाल्यापेक्षा जास्त काय होतं, तर शंभर मेगाहर्ट्झ. त्या भावाकडे वर व्हीटी-डीही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत व्हीटी-डीला पुन्हा दहा.

ऑफिसातला तो भेंडीवाला मित्र बिना के घेऊन पस्तावला होता, त्याला के हवा होता. आमचं जेवणाच्या टेबलावर पाच मिनिटांत ठरलं: अदलाबदल करायची, वर त्याने मला दोन हजार द्यायचे. घरी जाताना दोघांनाही दुसऱ्याची दया येत होती.

शनिवारी रात्री मी कूलर उतरवला, सॉकेटची कडी उघडली आणि प्रोसेसर अंगठा-तर्जनीत धरून उचलला. ह्या जातीत टाचण्या प्रोसेसरला नसतात, बोर्डावरच्या सॉकेटात असतात. केसाएवढ्या, वाकडी मान केलेल्या, सोनेरी. उचलताना पेस्टने बोट निसटलं आणि प्रोसेसर एका कोपऱ्यावर परत सॉकेटात पडला. आवाजही झाला नाही. परत बसवून चालू केलं तर सोळा जीबी मेमरीची आठ दिसायला लागली.

घरात कोणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं आणि अर्ध्या तासात अण्णांना उठवलं. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि त्या डोळ्याचा त्यांना भारी अभिमान. त्यांनी चश्मा काढला, पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग घेतलं, बायकोच्या डब्यातली सर्वांत बारीक सुई मागितली आणि मला मोबाइलची बॅटरी धरायला सांगितलं.

“एकूण किती आहेत ह्या?”

“अकराशे पंचावन्न.”

“वाकल्यात किती?”

“दोन असाव्यात.”

“आमच्या खात्यात एवढीच गळती असती,” सुई टेकवत ते म्हणाले, “तर आम्ही पेढे वाटले असते.”

मी बॅटरी धरून उभा. हात थरथरत होता तो माझा, त्यांचा नाही. पहिली टाचणी त्यांनी तीन वेळा थांबून, श्वास रोखून सरळ केली. दुसरी एका फटक्यात. मग सुई कापसात खोचून परत दिली आणि म्हणाले, “लाव.” सोळा जीबी.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी बोर्डाची पुस्तिका वाचायला घेतली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. दोन भावांबद्दल मी इतकं वाचलं होतं की ते ज्या घरात राहणार त्याबद्दल वाचायचं राहूनच गेलं होतं. व्हीटी-डी नुसतं प्रोसेसरात असून भागत नाही, बोर्डाच्या बायॉसमध्येही लागतं. पुस्तिका मी मागून पुढे, पुढून मागे चाळली. व्हीटी-एक्सचा खटका होता. व्हीटी-डीचा नव्हताच. मी प्रोसेसर बदलला असता तरी नळ लाइनीपर्यंत पोचला नसता. मित्राला फोन केला. त्याचा बोर्ड एच७७. म्हणजे त्याने के बसवला असता तरी त्याला मल्टिप्लायर एक घरही हलवता आला नसता. आपापला उपयोग नसलेला प्रोसेसर दुसऱ्याला दोन हजारांच्या फरकाने द्यायचा, असा आमचा सौदा होता.

हे सगळं मी सकाळी बायकोला सांगितलं. तिने चहा गाळता गाळता ऐकलं.

“म्हणजे ते कार्ड भाडेकरूला द्यायचं होतं, ते आता देता येणार नाही?”

“नाही येणार.”

“कुठलं कार्ड?”

“ग्राफिक्स कार्ड.”

“ते हो. पण आहे कुठे?”

नव्हतं. ग्राफिक्स कार्ड मी घेतलंच नव्हतं. प्रोसेसरातल्या एचडी ४०००वर आमचं सगळं चाललं होतं. कार्ड पुढच्या बोनसला घ्यायचं होतं आणि मी त्याचा नळ आधी शोधत होतो.

एक्सपीची खोली तेवढी झाली. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक कोअर, पाचशे बारा एमबी. डोंगल मागच्या यूएसबीत. त्याला व्हीटी-डी वगैरे लागत नाही, मालकाच्या बादलीने भागतं. ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली, आमच्या सोसायटीने नाही थांबवली. त्याच वर्षी जूनमध्ये इंटेलचा ४७९०के आला. के आणि व्हीटी-डी, दोन्ही एकाच प्रोसेसरात. मूळ वेगच ४ गिगाहर्ट्झ, टर्बो ४.४. मी बातमी अण्णांना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, “आपल्या जागेत बसेल?” नाही. त्याचं सॉकेट ११५०. “पाच टाचण्या कमी,” अण्णा म्हणाले आणि पेपर उलटला.

महिनाअखेरीला मी एक्सपी उघडतो. चाळीस फ्लॅटची बिलं, थकबाकीवर एकवीस टक्के सरळ व्याज, आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांचं नेहमीचं भांडण की पार्किंगचे पैसे दोनदा लावले. सगळं निघायला चार मिनिटं लागतात, त्यातली तीन प्रिंटरची. प्रोसेसरचा आलेख तीन टक्क्यांवर पडून असतो. मागच्या जानेवारीत असाच बसलो होतो, बायको वाटी घेऊन आली आणि कॅबिनेटच्या मागे हात धरून उभी राहिली.

“गार आहे.”

“बिलं काढतोय.”

“बिलांवर दही लागत नाही,” ती म्हणाली. “ते दुसरं लाव ना, गणितांचं.”

मी बिलं सेव्ह केली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि बायॉसमध्ये शिरून ४२चे ४५ केले.